पांढरी चार

"मधल्या कागदाला धर. काळ्यावर बोट लावू नकोस."

सदानंद दाराच्या चौकटीत उभे होते. खोलीत पाऊल टाकत नव्हते, कारण रेकॉर्ड लावली की घरात कोणी चालायचं नाही हा नियम मीच केला होता. आमची फरशी जुनी, पोकळ झालेली. पाऊल पडलं की सुईला कळायचं.

"एकशे बेचाळीस रेकॉर्डी झाल्या आतापर्यंत," मी म्हटलं. "एकीवर तरी माझं बोट दिसलं का तुम्हाला?"

"त्या दुकानातनं आणलेल्या होत्या. ही बुवांची आहे."

"म्हणून तर शेवटी ठेवली."

"धुतलीस कशानं?"

"डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. स्पिरिट नाही. ही लाखेची आहे, स्पिरिटमध्ये विरघळेल."

"बाई फिजिक्सच्या आणि काळजी केमिस्ट्रीची," असं म्हणून ते हसले. त्यांचं हसणं म्हणजे चाळणीत वाळू हलवल्यासारखा आवाज. मग ते खाकरले, दोनदा. तीही सवयच होती. टेलिफोनवर नवा माणूस हमखास विचारायचा, सर्दी झालीय का.

ही २०११ सालच्या फेब्रुवारीतली दुपार. आम्ही साताऱ्यात सदर बझारला राहत होतो. मी कॉलेजातून निवृत्त झाले होते, सदानंद माझ्या आधी दोन वर्षं पाटबंधारे खात्यातून. जुन्या रेकॉर्डी संगणकावर उतरवून साफ करायचा नाद मी निवृत्तीनंतर लावून घेतला होता. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई, माई. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या आणि सदानंद गेल्या वर्षी गेले, म्हणून हे आता लिहिता येतं.

बुवा म्हणजे सदानंदांचे वडील, हरिबुवा आठल्ये. घरातसुद्धा त्यांना सगळे बुवाच म्हणत, मुलगाही. त्या वर्षी त्यांची जन्मशताब्दी होती. गावातल्या मंडळींनी समिती केली होती आणि नोव्हेंबरातल्या समारंभात बुवांच्या एकुलत्या एक रेकॉर्डची सीडी काढायचं ठरवलं होतं. १९५३ साली एका लहानशा कंपनीने ती काढली. कंपनी तीन वर्षांत बंद पडली. बाकीच्या प्रती फुटल्या, हरवल्या. आमच्या घरातली ही एक उरली होती.

एका बाजूला अडाणा, दुसऱ्या बाजूला भजन. अडाण्याची बाजू प्रसिद्ध. प्रसिद्ध म्हणजे सातारा, वाई, कराड एवढ्या भागात. अडाणा हा राग मुळातच वरच्या अंगाचा, आणि बुवा तो गायले होते पांढरी चारमध्ये. पेटीच्या सप्तकातली चौथी पांढरी पट्टी षड्ज धरायची आणि तिथून वर जायचं. पुरुषाच्या गळ्याला ती फार उंच. बहुतेक गवई त्याच्या दोन-तीन पायऱ्या खाली गातात. बुवा तिथून निघून वरच्या पंचमाला जाऊन यायचे आणि रेकॉर्डवर ते कुणालाही ऐकता यायचं. "पांढरी चारचे आठल्ये" अशीच त्यांची ओळख होती. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मलाही ती रेकॉर्ड मांडी घालून ऐकायला बसवलं होतं. मला गाण्यातलं कळत नाही. आवाज थोडा पातळ वाटला होता. जुन्या रेकॉर्डी अशाच असतात, असं मला सांगण्यात आलं.

सदानंदांना बुवांनी आठव्या वर्षापासून शिकवलं. आवाज फुटून स्थिर झाल्यावर, सतराव्या वर्षी, पांढरी चारला बसवलं. स्वतः बुवा तेव्हा खाली गात. रेकॉर्ड निघाली त्याच साली त्यांना टायफॉइड झाला होता आणि त्यात आवाज उतरला, असं ते सांगत. म्हणून मुलाचा गुरू म्हणजे ती रेकॉर्ड. ग्रामोफोनला चावी द्यायची, रेकॉर्ड लावायची, बरोबरीने गायचं. बुवा शेजारच्या खोलीत बसून ऐकत. वरचा स्वर नाही लागला की आतून आवाज यायचा, "लागेल. बसत राहा." सदानंद ही नक्कल हुबेहूब करत. त्यांच्या बसलेल्या आवाजातही बुवांचं ते 'लागेल' अगदी समोर उभं राहायचं.

दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगत. ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायचा एक खटका असतो. नऊ वर्षांचे असताना त्यांनी गंमत म्हणून तो सरकवला, तर बुवांनी उठून थोबाडीत मारली. मग खटक्यावर लाख वितळवून ओतली आणि तो कायमचा बंद करून टाकला. "कान बघ कसा," सदानंद म्हणायचे. "वेगात केसाएवढा फरक पडलेला खपायचा नाही."

सात वर्षं ते बसत राहिले. १९७४ साली पुण्याच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. शस्त्रक्रिया झाली. बोलण्यापुरता आवाज परत आला, गाण्याचा आला नाही. घरी भेटायला आलेल्या लोकांपुढे बुवा म्हणाले, "माझा गळा याच्यात उतरला नाही. त्याला कोण काय करणार?" हे मला सदानंदांनी सांगितलं नाही, त्यांच्या मावशीने सांगितलं. सदानंद पाटबंधाऱ्यात लागले. आमच्या मुलीला गाणं शिकवायचं नाही, हे त्यांनी तिच्या बारशाच्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

त्या दुपारी मी रेकॉर्ड लावली, संगणकावर घेतली, आणि सदानंद दारात डोळे मिटून उभे राहिले. तीन मिनिटं वीस सेकंद. वरचा पंचम आला तेव्हा त्यांची हनुवटी आपोआप वर गेली आणि मानेची शीर ताठ झाली. गाणं संपल्यावर ते माईंच्या चहाचं बघायला गेले.

मी साफसफाईला बसले. माझी पद्धत ठरलेली होती. सुई टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंत दोन-तीन सेकंद रिकामे असतात. त्यात नुसता यंत्रांचा आवाज असतो. तेवढा तुकडा घेऊन त्याचा आलेख काढायचा, नको ती कंपनं ओळखायची आणि पूर्ण गाण्यातून तेवढीच वजा करायची. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते, त्यामुळे वीज वापरणाऱ्या प्रत्येक यंत्रात पन्नासची एक बारीक गुणगुण असते. आलेखात पन्नासवर एक सुळका दिसतो. एकशे बेचाळीस वेळा मी तो पाहिला होता.

या वेळी दोन सुळके होते. एक पन्नासला, एक छप्पन्नच्या किंचित पुढे.

मला वाटलं, अर्थिंगचा काही घोटाळा आहे. टेबलावरचा दिवा बंद केला, प्लग बदलला. दोन्ही सुळके तसेच. सुई उचलली. छप्पन्नचा गेला, पन्नासचा राहिला. म्हणजे पन्नास आमच्या घरातला होता आणि छप्पन्न रेकॉर्डमधला. त्याच काळातल्या आणखी दोन लाखेच्या रेकॉर्डी लावून पाहिल्या. त्यांत छप्पन्न कुठेच नव्हता.

वीज छप्पन्नने कधीच येत नाही. त्या काळी एखाद्या गावच्या वीजघरात पन्नासचे एकोणपन्नास होत असतील, छप्पन्न होणार नाहीत. ध्वनिमुद्रण करताना पन्नासच होते. रेकॉर्ड कापली तेव्हा चाक हळू फिरत होतं, आणि आम्ही गेली अठ्ठावन्न वर्षं ती जोरात फिरवत होतो. मी भागाकार केला. छप्पन्न पूर्णांक एक भागिले पन्नास. मग वहीत सप्तकाच्या बारा पायऱ्या मांडल्या. बरोबर दोन पायऱ्या. पांढरी चारच्या खाली दोन पायऱ्या म्हणजे काळी दोन.

मी ते गणित तीनदा केलं. उत्तर बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सदानंद बँकेत गेले होते. माई ओट्याशेजारी पाटावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि दोन-चार शेंगा हातात घेतल्या.

"झाली का तुझी गाळणी?" माझ्या साफसफाईला त्या गाळणी म्हणत.

"होत आलीय. माई, या रेकॉर्डच्या वेळी तंबोऱ्यावर तुम्हीच होतात ना?"

"मग आणखी कोण? शाळेच्या हॉलात केली. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. मे महिना, अंगात नऊवारी, नुसती निथळत होते मी. सदू तीन वर्षांचा, तो शेजारणीकडे गळा काढून रडतोय."

"तंबोरा कुठे लावला होतात?"

"काळी दोनला. यांचा कायम तिथेच—"

त्यांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"तुझ्या यंत्रानं सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मेलं भलतंच चोख दिसतंय."

"काय झालं होतं, माई?"

"काय व्हायचंय? चीज बाजूत मावेना. तो रेकॉर्डवाला म्हणाला, बुवा, शेवटची तान सोडा. हे म्हणाले, तान सोडणार नाही. मग तो म्हणाला, मी चाक जरा हळू फिरवतो, म्हणजे मावेल. पण घरी वाजवाल तेव्हा पट्टी वर जाईल हां. हे हसले. म्हणाले, जाऊ दे की वर, त्यानं काय बिघडतंय."

"आणि नंतर?"

"नंतर रेकॉर्ड आली. पहिल्याच दिवशी पेटीवाले जोशी पेटी घेऊन बसले आणि ओरडले, अहो बुवा, पांढरी चार! गावभर झालं. कुणी शाल दिली, कुणी नारळ दिला. हे नाही म्हणाले नाहीत."

"पण लोकांनी त्यांना आधी ऐकलं होतं ना?"

"लोकांना पट्टी कुठे कळते? कळणारे दोघे होते. एक वारला, एक मुंबईला गेला. आणि मग टायफॉइड झाला तो सोयीचाच झाला." शेंग त्यांनी पुरी सोलली आणि दाणे ताटलीत टाकले.

मी विचारायचं ते विचारलंच. "मग यांना तिथे का बसवलं?"

"मुलगा मोठा झाला. लोक विचारायला लागले, आता हाही पांढरी चार का? हे म्हणाले, माझा मुलगा आहे, तिथेच गाणार."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले. एकदाच. म्हटलं, अहो, उतरवा पट्टी, पोराच्या मानेच्या शिरा बघा. तर म्हणाले, आता उतरवली तर का उतरवली ते सांगावं लागेल."

त्यांनी हे बुवांच्या आवाजात सांगितलं नाही. सरळ, सपाट सांगितलं.

"आणि गाठी झाल्यावर?"

"तेव्हा सांगून काय उपयोग होता?"

"यांना कळलं असतं. आपला गळा कमी नव्हता, हे कळलं असतं."

"वैजयंती," माई म्हणाल्या, "मला या घरात राहायचं होतं. तुला नोकरी होती. मला हा तंबोरा होता." मग ताटली माझ्याकडे सरकवली. "सदूला सांगू नकोस. साठी उलटली त्याची. आता नवीन राग कुठे ठेवील तो?"

मी तीन दिवस काही बोलले नाही. संगणकात दोन फाइली केल्या. एक मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, जशी सगळ्यांना माहीत होती. दुसरी साडेएकोणसत्तर फेऱ्यांची, जशी ती गायली गेली होती. तीन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. दुसऱ्या फाइलीतला आवाज पातळ नव्हता. भरदार, शांत आवाज होता, चाळिशीतल्या एका माणसाचा, जो आरामात गात होता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

सदानंद रोज विचारायचे, "झाली का?" चौथ्या दिवशी मी म्हटलं, "झाली. या, ऐका." खुर्ची ओढून दिली, हेडफोन दिला, आणि दुसरी फाइल लावली. आधी काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मला माहीत आहे. मला वाटत होतं, त्यांना आपोआप कळेल आणि मला बोलावं लागणार नाही.

दोन सेकंदांत त्यांनी हात वर केला. "यंत्र हळू चाललंय तुझं. पट्टी उतरलीय."

"किती?"

"काळी दोनला आलीय."

"यंत्र बरोबर चाललंय," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. आलेख दाखवला, दोन्ही सुळके दाखवले, सुई उचलून छप्पन्नचा कसा जातो ते दाखवलं. सदानंदांनी तीस वर्षं धरणांतल्या पाण्याच्या पातळ्या वहीत लिहिल्या होत्या. समोर आलेला आकडा नाकारायची त्यांना सवय नव्हती. ते एकदाच म्हणाले, "पुन्हा दाखव," आणि मी पुन्हा दाखवलं.

"माईला विचारलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"तंबोरा काळी दोनला होता."

त्यांनी मान हलवली. खटक्यावरची लाख त्यांना त्या क्षणी आठवली असणार, कारण त्यांचा हात गालाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"पहिल्यापासून लाव," ते म्हणाले. "हे काढ कानातलं. मोठ्यानं लाव."

मी लावली. सुरुवातीला ते नुसते ऐकत होते. अंतरा आला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. शस्त्रक्रियेला सदतीस वर्षं झाली होती. मी त्यांना कधीच गाताना ऐकलं नव्हतं, गुणगुणतानाही नाही. आवाज खरबरीत होता, मध्येच हवा निघून जात होती. पण वरच्या षड्जावर बुवांचा आवाज गेला तसा त्यांचाही गेला आणि तिथे थांबला. दोघांचे आवाज एकाच जागी होते, एवढं मलाही कळलं. मान ताठ झाली नव्हती.

"लागला," ते म्हणाले. मी फाइल थांबवली. "इथे तर मी झोपेतसुद्धा गायलो असतो गं. चोवीस वर्षांचा होतो."

माई बाहेरच्या खोलीत होत्या. त्यांना ऐकू गेलंच असणार. त्या आत आल्या नाहीत.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी सुटेल. ते रडतील, किंवा उठून माईंकडे जातील, किंवा भिंतीवरचा बुवांचा फोटो उतरवतील. त्यांतलं काहीच झालं नाही. त्यांनी घसा साफ केला.

"समितीला अठ्ठ्याहत्तरची दे."

"ती चूक आहे," मी म्हटलं.

"तुझ्या प्रयोगशाळेत असेल."

"अहो, हे उघड आहे. मी एक पानभर लिहून देते. लोकांना समजेल. तुमच्यावरचा—"

"काय समजेल?" ते माझ्याकडे वळले. "आज गावात मी कोण आहे? बुवांची पट्टी ज्याला झेपली नाही तो मुलगा. उद्या कोण होईन? बापानं ज्याचा गळा मुद्दाम कापला तो मुलगा. लोक घरी येतील कीव करायला. पहिल्याची मला सवय आहे, वैजू. दुसऱ्याची आता नव्याने करायला सांगू नकोस."

"आणि खरं?"

"तुला कळलंय ना? मला कळलंय. माईला तर होतंच. एवढं पुरे."

सहाला ते उठले आणि रोजच्यासारखी माईंची रक्तदाबाची गोळी आणि पाणी घेऊन बाहेर गेले. मी भिंतीच्या अलीकडे उभी होते. "माई, गोळी," एवढंच ऐकू आलं. मग पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी समितीला ईमेलने फाइल पाठवली. अठ्ठ्याहत्तरची. तिच्यातून छप्पन्नचा सुळका मी काळजीपूर्वक वजा केला होता, म्हणजे पुढे कुणाला मोजताही आलं नसतं. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. गुणगुण काढून टाकायची, ही माझी पद्धत होती.

समारंभ नोव्हेंबरात झाला. सभागृह भरलं होतं. बुवांचा मोठा फोटो, झेंडूचे हार, समया. माई पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी मी. माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्हवर दुसरी फाइल होती. का नेली होती ते आजही सांगता येणार नाही. घरातून निघताना खणातून उचलली आणि पर्समध्ये टाकली.

सदानंदांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकसमोर उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "बुवांची पांढरी चार माझ्या गळ्याला झेपली नाही. माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात." लोक हसले. मग काहींचे डोळे भरून आले आणि टाळ्या झाल्या. माई समोर फोटोकडे बघत होत्या.

नंतर गाणं. बुवांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली होती. पहिली मिळाली होती वाईच्या निनाद गुरवला. बावीस वर्षांचा, उंच, नुकतंच बी.कॉम. झालेला. समितीने त्याला ती रेकॉर्ड मार्चमध्येच ऐकायला दिली होती, असं सूत्रसंचालकांनी सांगितलं. त्याने अडाणा लावला. पांढरी चारमध्ये. लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या.

तो चांगला गायला, असं सगळे म्हणत होते. मी त्याची मान बघत होते. वरच्या षड्जावर दोन्ही बाजूंच्या शिरा सुटून आल्या होत्या. पंचमाकडे जाताना तो एकदा अडखळला, खाकरला, हात जोडून हसला आणि पुन्हा निघाला. माझ्या शेजारी माईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि तर्जनी तंबोऱ्याच्या तारेवर चालावी तशी हलत होती.

कार्यक्रम संपल्यावर निनाद खाली आला आणि सदानंदांच्या पाया पडला. आजूबाजूला समितीची माणसं, फोटो काढणारे.

"काका," तो म्हणाला. आवाज बसल्यासारखा येत होता. "आठ महिने रोज त्या रेकॉर्डबरोबर बसतोय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पण वरचा पंचम अजून मनासारखा लागत नाही. घसा भरून येतो. काय करू?"

सदानंदांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडली होती. पेनड्राइव्ह माझ्या मुठीत होता. त्यांना तो दिसला की नाही माहीत नाही, पण माझा हात कुठे आहे ते दिसलं. मी वाट पाहिली. त्यांचं एक वाक्य पुरेसं होतं. 'बाळ, पट्टी उतरव.' कारण सांगायचीही गरज नव्हती.

त्यांनी निनादच्या डोक्यावर हात ठेवला.

"लागेल," ते म्हणाले. "बसत राहा."

या वेळी ती नक्कल नव्हती. माईंनी मान वळवून मुलाकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

निनाद माईंच्या पाया पडला. मग माझ्यासमोर वाकला. उठून म्हणाला, "काकू, रेकॉर्ड तुम्हीच साफ केलीत ना? काय स्वच्छ केलीय! एकेक स्वर कळतो. तुमच्यामुळे रियाज करता येतो."

तो आणि मी अगदी जवळ उभे होतो. बाकीचे फोटोसाठी सदानंदांना बाजूला नेत होते. त्या क्षणी मी काय बोलते ते निनादशिवाय कुणालाही ऐकू गेलं नसतं.

"कोमट पाणी पीत जा," मी म्हटलं, आणि पर्सची चेन ओढून घेतली.